वराहदेवाचा अजिंठा-लेख : वाचन, पूरण आणि पर्जन्य

१

जुना लेख वाचणें ही एक गोष्ट आणि त्यांतील गळालेला भाग भरून काढणें ही दुसरी. पोथ्यांचा संग्रह करणारास हा भेद शिकवावा लागत नाहीं. कसरीनें खाल्लेल्या पानावर जीं अक्षरें उरलीं तीं वाचावयाचीं आणि जेथें भोंक पडलें तेथें कंस घालावयाचा, ही आपली नित्याची शिस्त आहे. परंतु लेख दगडावरचा असला, तो थोर पंडितांनीं लाविलेला असला आणि त्याच्या आधारावर एका राजवंशाचा इतिहास उभारला गेला असला, म्हणजे ते कंस उत्तरोत्तर पुसट होत जातात. मूळ ग्रंथांत जो तर्क म्हणून मांडलेला असतो तो दुसऱ्या ग्रंथांत संभव, तिसऱ्यांत सिद्धांत आणि शाळेच्या पुस्तकांत सत्य होऊन बसतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेरील वराहदेवाचा लेख हें याचें ठळक उदाहरण आहे. हा लेख वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासाचा एक मुख्य स्तंभ असल्यामुळें, त्यांत दगडावर काय आहे आणि विद्वानांच्या लेखणींत काय आहे, याचा हिशेब एकदां स्पष्ट मांडावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

२

सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या टोंकाच्या भिंतीवर हा लेख कोरलेला आहे. भाषा संस्कृत व रचना पद्यमय. आरंभीं बुद्धवंदन, मग विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत वाकाटक राजे, त्यांच्या बरोबरीनें त्यांचे मंत्री, आणि शेवटीं खुद्द लेण्याचें वर्णन, असा त्याचा क्रम आहे. दाता वराहदेव हा हरिषेणाचा सचिव व हस्तिभोजाचा पुत्र. हरिषेण ज्या शाखेंतला तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम. तेव्हां दगड जरी मराठवाड्याच्या हद्दींत असला, तरी त्यावरील वंशकथा वऱ्हाडची आहे.

लेख ओसरीच्या बाहेर असल्यानें आंतल्या भिंतींस जो आडोसा मिळतो तो त्यास मिळालेला नाहीं. सुमारें पंधराशें वर्षांच्या पावसाळ्यांनीं त्यांतील पुष्कळ अक्षरें झिजवून टाकलीं आहेत. याच वराहदेवाचा दुसरा लेख जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यांत आहे. त्याची अवस्था याहूनहि वाईट असून त्यांतील श्लोकांचा मोठा भाग नाहींसा झाला आहे. वराहदेवाच्या कुळाची माहिती, वल्लूर नांवाचे ब्राह्मण, त्यांतील यज्ञपति, सोम इत्यादि पुरुष, ही या दुसऱ्या लेखावरूनच कळते. म्हणजे एकाच घराण्याचे दोन दस्तऐवज आपल्यापाशीं आहेत, आणि दोन्हींवर पाण्यानें हात फिरविलेला आहे.

३

या लेखाच्या वाचनाचा इतिहास शिकण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं अजिंठ्याचे लेख प्रथम पद्धतशीर प्रसिद्ध केले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ठसे घेतले, आणि इ. स. १८८३ मध्यें ब्यूलर यांनीं पश्चिम हिंदुस्थानच्या पुराणवस्तुखात्याच्या चौथ्या खंडांत त्याची सटीक आवृत्ति काढली. ब्यूलर यांची संस्कृतज्ञता वादातीत होती. तथापि त्यांच्या काळीं वाकाटकांची एकच शाखा ठाऊक होती. शिवनी, चमक इत्यादि ताम्रपटांतील वंशावळ समोर ठेवून त्यांनीं अजिंठ्याची तुटलेली वंशावळ तिच्याशीं जुळवून घेतली. अक्षरें अंधुक असलीं म्हणजे डोळा जें ओळखतो तेंच वाचतो.

इ. स. १९३९ मध्यें वाशीम येथें एक ताम्रपट उजेडांत आला. तो विंध्यशक्ति (दुसरा) याचा, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षांतला, वत्सगुल्माहून दिलेला. वंशवर्णन संस्कृतांत व पुढील मजकूर प्राकृतांत, अशी त्याची भाषा आहे. त्यांत दात्याचा पिता सर्वसेन व आजा पहिला प्रवरसेन असें स्पष्ट लिहिलें आहे. त्यामुळें प्रवरसेनाच्या पश्चात् घराण्याच्या शाखा झाल्या व त्यांपैकीं एक वत्सगुल्मास नांदली, हें प्रथमच निर्विवाद झालें. त्यानंतर म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख पुन्हां तपासला आणि इ. स. १९४१ मध्यें निजाम सरकारच्या पुराणवस्तुमालेंत त्याची नवी आवृत्ति प्रसिद्ध केली. दगडावर ‘सर्वसेन’ होताच. तो वाचणारास सर्वसेन ठाऊक नव्हता, इतकेंच. सर्वसेनाच्या पुत्राचें नांव तेथें विंध्यसेन असें येतें, तोच वाशीमच्या ताम्रपटांतील विंध्यशक्ति. हा सर्वसेन म्हणजे ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता, ज्याचा उल्लेख आनंदवर्धनानें आदरानें केला आहे. एका पुसट नांवानें इतिहासांत एक शाखा आणि साहित्यांत एक राजकवि, दोन्ही जागेवर बसले.

या कामीं मिराशी यांचें यश नुसत्या सूक्ष्म दृष्टीचें नव्हे, पद्धतीचें आहे. त्यांनीं जुन्या विद्वानाचें पूरण बाजूस सारून दगडाकडे पाहिलें, आणि दगडाची साक्ष दुसऱ्या समकालीन दस्तऐवजानें पडताळून घेतली. त्यांच्या इ. स. १९५७ च्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या मराठी ग्रंथांतील आणि इ. स. १९६३ च्या वाकाटक-लेखसंग्रहांतील पुष्कळ भाग याच पद्धतीमुळें आजहि टिकून आहे. नेमकी हीच कसोटी त्यांच्या पुढील विधानांस लाविली असतां मात्र निकाल वेगळा लागतो.

४

लेखांतील हरिषेणाच्या स्तुतीचा श्लोक घ्यावा. त्यांत कुंतल, अवंति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र हीं देशनामें आहेत. परंतु हरिषेणानें त्या देशांचें काय केलें, हें सांगणारें क्रियापद नष्ट झालें आहे. तो त्यांस जिंकता झाला, त्यांजकडून कर घेता झाला, तेथील राजांस पुन्हां स्थापिता झाला, कीं त्यांच्यांत केवळ कीर्ति पसरविता झाला? प्रशस्तिकार या चारांपैकीं कोणतीहि क्रिया योजूं शकला असता. वृत्त मोजून किती अक्षरें गेलीं हें ठरवितां येतें. कोणतीं गेलीं हें ठरवितां येत नाहीं. तरीहि माळव्यापासून आंध्रापर्यंत आणि कलिंगापासून लाटापर्यंत हरिषेणाचें साम्राज्य पसरल्याचे नकाशे पुस्तकांतून छापले जातात. त्या नकाशांच्या सीमारेषा ज्या क्रियापदावर अवलंबून आहेत, तें पावसानें धुऊन नेलेलें आहे.

वऱ्हाडच्या माणसास हा नकाशा पाहून अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे. वाशिमास बसून कोणी समुद्रापासून समुद्रापर्यंत राज्य केलें, ही कल्पना कोणास गोड वाटणार नाहीं? पण वंशाभिमान हा वाचनाचा आधार होऊं शकत नाहीं. श्लोकावरून एवढेंच निश्चित म्हणतां येतें कीं, हरिषेणाच्या सचिवास आपल्या धन्याचें नांव या सात देशांशीं जोडावेंसें वाटलें. तेंहि कांहीं थोडें नव्हे.

५

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न वाकाटकांच्या अंताचा. हरिषेणानंतर काय झालें याविषयीं वाकाटकांचे लेख मुके आहेत. ही पोकळी मिराशी यांनीं इ. स. १९४५ मध्यें दंडीच्या दशकुमारचरितानें भरली. त्या ग्रंथाच्या आठव्या उच्छ्वासांत विश्रुत आपली कथा सांगतो. विदर्भाचा पुण्यवर्मा हा आदर्श राजा मरण पावतो. त्याचा पुत्र अनंतवर्मा बुद्धिमान पण दंडनीतीविषयीं उदासीन. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्यास उपदेश करतो, विहारभद्र नांवाचा खुशमस्कऱ्या त्याची चेष्टा करतो, अश्मकांचा राजा वसंतभानु कपटानें मांडलिकांस फितवितो आणि अनंतवर्मा युद्धांत मारला जातो. राणी वसुंधरा दोन्ही मुलांस घेऊन माहिष्मतीस जाते. मिराशी यांच्या मतें पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, अनंतवर्मा म्हणजे त्याचा नाममात्रशेष पुत्र, आणि ही कथा म्हणजे वाकाटकांच्या ऱ्हासाचा इतिहास.

या मताच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रथम बोलणें उचित होय. कथेंतील भूगोल काल्पनिक नाहीं. कुंतल, अश्मक, कोंकण, वनवासी, नासिक्य हे प्रदेश खरे व त्यांची मांडणी सुसंगत आहे. दंडीच्या नांवावरील अवंतिसुंदरींत त्याच्या पूर्वजांचा अचलपुराशीं संबंध सांगितला आहे, आणि तें अचलपुर आमच्या वऱ्हाडांतील अचलपूर मानिलें तर घराण्यांत विदर्भाच्या आठवणी चालत आल्या असतील, हें शक्य आहे. शिवाय अश्मकांचें प्रकरण खुद्द अजिंठ्याच्या दगडावर आहे. सतराव्या लेण्याच्या लेखांत अश्मकांचा उल्लेख येतो, आणि सव्विसाव्या लेण्यांतील बुद्धभद्राच्या लेखांत अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याचें स्मरण केलें आहे. तेव्हां पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत या खोऱ्यांत अश्मकांचा हात होता, ही गोष्ट दंडीवांचूनहि सिद्ध आहे.

आतां उलट बाजू. दंडीचा काल इ. स. ७०० च्या आगेंमागें, स्थळ कांचीच्या पल्लवांचें राज्य. घटनेनंतर दोन शतकांनीं, शेंकडों कोस दूर बसून लिहिलेली ही कथा आहे. पात्रांचीं नांवें पाहिलीं तर तीं अन्वर्थक आहेत. पुण्यशील राजा पुण्यवर्मा, विलासांत रमविणारा विहारभद्र, धनाचें रक्षण शिकविणारा वसुरक्षित, आणि त्यानें न राखिल्यामुळें हातची जाणारी वसुंधरा! हीं नांवें बखरकाराच्या दप्तरांतलीं नव्हेत, नीतिकथा रचणाऱ्या गद्यकवीच्या टांकसाळींतलीं आहेत. वसुरक्षिताचा उपदेश व विहारभद्राचें त्यावरील विडंबन हे जोडीनें वाचले म्हणजे कवीचें लक्ष कौटिल्याच्या शास्त्राचा उपहास आणि समर्थन यांच्या खेळाकडे आहे, विदर्भाच्या इतिवृत्ताकडे नाहीं, हें संस्कृत जाणणारास सहज दिसेल. आणि मुख्य गोष्ट ही कीं, हरिषेणास पुत्र होता, तो दुर्बळ होता, तो लढाईंत पडला, यांपैकीं एकाहि विधानास लेखाचा किंवा नाण्याचा आधार अद्याप सांपडलेला नाहीं.

म्हणून निष्कर्ष असा. अश्मकांचें वैर हें वाचन आहे. अनंतवर्म्याची कथा हें पूरण आहे. ब्यूलर यांनीं तुटलेल्या वंशावळींत ओळखीचीं नांवें घातलीं, तसेंच मिराशी यांनीं तुटलेल्या इतिहासांत ओळखीची कथा घातली. ज्यांनीं पहिला दोष दूर केला त्यांच्याच हातून दुसरा घडावा, यांत त्यांचा अधिक्षेप नाहीं. पोकळी पाहून स्वस्थ बसणें हें विद्वानास सर्वांत कठीण जातें, एवढेंच त्यावरून दिसतें.

६

हें पूरण मिराशी यांच्या ग्रंथांतच राहिलें असतें तर त्याचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक यांनीं अजिंठ्याचा जो लघुकालक्रम मांडला, आणि इ. स. २००५ पासून निघालेल्या सात खंडांत ज्याचा विस्तार केला, त्याचा एक आधारस्तंभ हीच दंडीची कथा आहे. त्यांच्या मतें वाकाटककालीन बहुतेक सर्व लेणीं हरिषेणाच्या कारकीर्दींत, म्हणजे सुमारें इ. स. ४६० पासून ४७७ पर्यंत, आणि त्यानंतरच्या दोनचार वर्षांत कोरलीं गेलीं. स्पिंक यांनीं छिन्नीच्या खुणा, दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या बिजागऱ्यांचीं भोकें यांचें जें निरीक्षण केलें तें अपूर्व आहे, आणि कोणतें काम आधीं व कोणतें नंतर हें सांगण्यास तें पुरेसें प्रमाण आहे. परंतु आधीं-नंतर हा क्रम एक, आणि अमक्या सालीं हा काल दुसरा. छिन्नीची खूण साल सांगत नाहीं. अमक्या वर्षीं राजा वारला, अमक्या वर्षीं काम थांबलें, अशी वर्षवार मांडणी जेव्हां होते तेव्हां त्या वर्षांच्या मागें कादंबरी उभी असते, ही गोष्ट वाचकानें विसरूं नये.

या संबंधांत पक्का म्हणतां येईल असा कालबिंदु वाशिमाजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखानें दिला आहे. तो हरिषेणाचा पिता देवसेन याच्या वेळचा, शक ३८० चा, म्हणजे इ. स. ४५७-५८ चा. स्वामिल्लदेव नांवाच्या अधिकाऱ्यानें सुदर्शन नांवाचा तलाव बांधल्याचें त्यांत सांगितलें आहे. तेव्हां हरिषेण त्यानंतर गादीवर आला, हें निश्चित. किती वर्षांनंतर आला आणि किती वर्षें राहिला, यास अशी दुसरी खुंटी मिळेपर्यंत कंस सोडूं नयेत.

७

येथवर लेखाचा विचार झाला. आतां ज्या पावसानें तो झिजविला त्याची साक्ष घेऊं. आमच्या शेंदूरजनाघाटासारख्या आडगांवाहून अजिंठ्यास जावयाचें म्हणजे वरूड, अमरावती, अकोला, जळगांव असे टप्पे घेत, पाठीवर पिशवी अडकवून आणि छत्री सांभाळीत एस. टी. नें जावें लागतें. फर्दापूरच्या फाट्याहून लेण्यांपर्यंत पुन्हां बस बदलावी लागते. पुष्कळ मंडळी पावसाळा टाळून हिवाळ्यांत जातात. चित्रें पाहणारांनीं तसें खुशाल करावें. लेख वाचणारानें मात्र एकदां तरी श्रावणांत जावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्याचें कारण असें. या लेखाच्या उत्तरार्धांत कवि लेण्याचें जें वर्णन करतो तें तपासून पाहण्याजोगें आहे. पाणी भरलेल्या ढगांनीं माथा वेढलेला व नागराजांनीं वसविलेला पर्वत, त्यावर गवाक्षें, द्वारें, स्तंभ, सोपान व चित्रें यांनीं युक्त असें मंदिर, आंत बुद्धाचें चैत्य, बाहेर मोठा जलाशय आणि नागाधिपतीचें स्थान, सर्व ऋतूंत सुखदायक असें एकंदर घर. मेघमंडित पर्वत हा कविसंकेत आहे, हें कोणीहि म्हणेल. पण भर पावसांत वाघोरेच्या वळणावर उभें राहिलें, कड्यावरून धबधबा कोसळत असला आणि ढग लेण्यांच्या दारांपर्यंत उतरले, म्हणजे हा संकेत नसून स्थळवर्णन आहे हें पटतें. नदीकडून सोळाव्या लेण्याकडे चढतांना नागराजाची आसनस्थ मूर्ति लागते. पावसाळ्यांतील ओढ्याच्या तोंडाशीं पावसाचा देव बसविण्यांत दात्याचा हेतु काय होता, हें त्या ऋतूंतच उमगतें. आंत गर्भगृहांत पाय खालीं सोडून बसलेला बुद्ध आहे. म्हणजे कवीनें सांगितलेल्या ज्या ज्या गोष्टी डोळ्यांनीं तपासतां येतात त्या खऱ्या निघतात. समकालीन, स्थलनिष्ठ आणि पडताळतां येण्याजोगी साक्ष ती ही. दंडीच्या कथेंत यांपैकीं एकहि गुण नाहीं.

या ऋतूचें दुसरें महत्त्व विनयांत आहे. महावग्गाच्या वर्षावास-प्रकरणांत कथा अशी कीं, भिक्षु पावसांतहि हिंडतात, हिरवें गवत तुडवितात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनीं तक्रार केली, तेव्हां बुद्धानें तीन महिने एके ठिकाणीं राहण्याचा नियम घातला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, किंवा त्यानंतर महिन्यानें, वास सुरू करावयाचा. आवश्यक कामास सात दिवसांची मोकळीक. झाडाच्या ढोलींत वा उघड्यावर राहूं नये. मात्र गुराख्यांचा तळ, सार्थ व नौका येथें वर्षावास केला तरी चालेल. तेव्हां आज पावसांत एस. टी. नें लेणीं पाहावयास निघणारा गृहस्थ सार्थाच्या सवलतींत बसतो, असें म्हणावयास हरकत नाहीं! विनोद सोडला तरी तात्पर्य राहतेंच. हीं घरें पावसांत न हिंडण्यासाठीं कोरलीं गेलीं. पाणी कोठून पडतें, कोठें सांचतें, कोणती भिंत कोरडी राहते आणि कोणतीवर ओघळ येतात, याचा विचार हा त्यांच्या रचनेचा गाभा होता. उन्हाळ्यांत तें पाहणें म्हणजे विहीर कोरडी असतां तिची खोली वर्णिणें होय. कान्हेरी येथील प्राकृत लेखांत दात्यांनीं ‘लेण’ आणि ‘पोढि’, म्हणजे राहण्याचें घर आणि पाण्याचें टांकें, जोडीनें दिल्याचे उल्लेख येतात, त्याचें मर्म हेंच.

८

हा विचार आमच्या घरच्या अवशेषांसहि लागू आहे. मोर्शी तालुक्यांत साळबर्डीच्या डोंगरांत जुनीं कोरींव लेणीं आहेत. लोक तेथें महादेवाच्या यात्रेस जातात. भस्मासुराच्या भयानें देव या भुयारांतून शिरून महादेवाच्या डोंगराकडे गेला, अशी कथा सांगतात. अशा ठिकाणीं दंतकथा ही दंतकथा म्हणून आणि दगड हा दगड म्हणून निराळा टिपावा. एकानें दुसऱ्याची पोकळी भरूं नये. अकोला जिल्ह्यांत पातूरचीं लेणीं याच वागणुकीस पात्र आहेत. आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेकांठीं भोन येथें, इ. स. २००० नंतरच्या दशकांत डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत विटांचा स्तूप निघाला. ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रांत येते. अजिंठ्याच्या श्लोकांतील एक क्रियापद जावयास पंधराशें वर्षें लागलीं. येथें सगळा ग्रंथच एका पावसाळ्यांत पाण्याखालीं जाण्यासारखा आहे, आणि त्याचें पूरण करावयास कोणी दंडीहि मिळणार नाहीं.

९

तात्पर्य, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वराहदेवाच्या दोन्ही लेखांची नागरी आवृत्ति, प्रत्येक पूरण कंसांत व पूरण करणाराचें नांव समासांत घालून, मराठींत छापली जावी. वाकाटक-इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून अनंतवर्म्याची कथा हरिषेणाच्या पुत्राचा वृत्तांत म्हणून न देतां दंडीची कथा म्हणून द्यावी. आणि भाऊ दाजी, भगवानलाल, ब्यूलर व मिराशी यांनीं जीं अक्षरें पाहिलीं त्यांपैकीं आज किती उरलीं आहेत, याची यादी जुन्या ठशांशीं ताडून, पावसाळ्याच्या आधीं एकदां व नंतर एकदां, प्रत्यक्ष भिंतीजवळ उभें राहून करावी. यांपैकीं शेवटचें काम विलंब सोसणारें नाहीं. छत्री आणि भिंग एवढ्या साहित्यावर तें आरंभतां येतें. सोमवारीं लेणीं बंद असतात, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.